पाय लागल्यावरचा नमस्कार

आडी लागली की आमच्या गल्लीतल्या खिडक्या आपटायला लागतात. पाऊस नसतो, ढगसुद्धा बेताचेच, नुसता वारा. दोरीवरची लुगडी सुटून शेजाऱ्यांच्या गच्चीवर जातात, केळीची पानं चिरून त्यांच्या चिंध्या होतात आणि दुपारी जेवताना दाताखाली वाळू लागते. राजवाड्यामागच्या या गल्ल्या अरुंद, त्यामुळे वारा आत शिरला की त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. तो दारंच हलवत बसतो. लहानपणी मला वाटायचं, कुणीतरी एकेका घराची कडी नीट लागली आहे का ते तपासतंय. या वर्षीही तसंच वाटलं. मी बेचाळीस वर्षांची आहे, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, असलं काही माझ्या मनात यायला नको. पण येतं.

आडी हा तमिळांचा महिना, आपल्या आषाढ-श्रावणाच्या सांध्यावर पडतो. या महिन्यात लग्न नाही, गृहप्रवेश नाही, मुलगी बघायला येणं नाही. नव्या नवरीला तर नवऱ्याकडून महिनाभर माहेरी आणून ठेवतात आणि पुढचा आवणी महिना लागला की परत पाठवतात. आम्ही तंजावरातले मराठी लोक सणवार आणि श्राद्धपक्ष आपल्या पंचांगावरून करतो, पण आडीचा धाक मात्र शेजाऱ्यांकडून घेतला आणि परत द्यायचा विसरलो.

हे मी देवनागरीत लिहिते आहे. पुण्यात दोन वर्षं शिकायला होते, तेव्हा ही अक्षरं हाताला बसली. घरात काका-काकी, सगळे मराठी बोलतात, पण हे वाचता येणारी मी एकटीच. वही उघडी टाकून स्वयंपाकघरात गेले तरी चालतं. त्यामुळे जे खरं आहे तेच लिहिणार आहे, माझी चूक धरून.

छत्तिसाव्या वर्षी मी जिउ-जित्सू शिकायला लागले. ब्राझीलमध्ये वाढलेली ही कुस्ती. हिच्यात ठोसे नाहीत, लाथा नाहीत. जमिनीवर लोळत लोळत समोरच्याचा सांधा किंवा गळा असा पकडायचा की त्याने हरलो म्हणून आपल्या अंगावर दोनदा थाप मारली पाहिजे. थाप मारली की सोडायचं, हा एकच धर्म. आमचे मास्टर लष्करातून निवृत्त झालेले तमिळ गृहस्थ. तांदळाच्या एका जुन्या गोदामावर त्यांनी हॉल घेतलाय. आडीच्या वाऱ्यात खालचा कोंडा जिन्यातून वर येतो, मॅटवर बसतो, घामाला चिकटतो. संध्याकाळी आम्ही चौघीपाचजणी असतो. घरात याला ‘गिरिजाची कंबरदुखी’ म्हणतात. कुणी पाहुण्याने विचारलंच तर मी व्यायामाला गेलेली असते.

या विद्येत सगळ्यात भयंकर जागा कुठली, तर माणसाची पाठ. समोर कुणी असेल तर त्याचे डोळे दिसतात, खांदा हलला की कळतं. पाठीवर बसलेल्या माणसाचं काहीच दिसत नाही. त्याचा श्वास तेवढा कानाशी लागतो. एक हात खांद्यावरून, दुसरा बगलेखालून, छातीवर दोन्हींची गाठ. छाती पाठीला चिकटलेली आणि दोन्ही टाचा आपल्या मांड्यांच्या आतून अडकवलेल्या. मग वरचा हात हळूच हनुवटीखाली सरकतो. कोपराचा कोन गळ्याच्या मधोमध येतो, दोन्ही बाजूंच्या शिरा दाबल्या जातात, श्वासनलिका मोकळीच राहते. म्हणून आवाज होत नाही. तडफड नाही, घुसमट नाही. लांबून पाहणाऱ्याला वाटेल, कुणी कुणाला मायेने जवळ घेतलंय. आणि मिठीतलं माणूस काही क्षणांत नाहीसं होतं.

मास्टर म्हणायचे, “गळा आवळायची घाई नको. आधी पाठ धरा. पाठ धरली की गळा कुठे जातोय?” हे वाक्य मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

गेल्या वर्षीच्या आडीत अंबू आली. अंबुजा, माझ्या काकांची मुलगी, चोवीस वर्षांची, बी.एड. होऊन शाळेत लागलेली. माझ्या हातावरचे वळ बघून बघून तिला या गोष्टीचं वेड लागलं होतं. काकी ऐकेना. मग अंबूनेच तोड काढली.

“आडीत कोण बघावयास येतं मला? एकच महिना. आवणीत मी कोठे म्हणून जाणार नाही, सरि, कबूल?”

काकीने माझ्याकडे पाहून बोट उगारलं. “मानेवर, कानावर काही दिसता कामा नये, गिरिजा. आवणी लागली की लोक येऊ लागतील. पोरीच्या गळ्यावर डाग पाहून काय म्हणतील?”

“आडीतले डाग आडीत जातात, काकी,” मी म्हटलं. फार हुशारीने म्हटलं, असं तेव्हा वाटलं.

असा तिला वर्षातला एक महिना मिळाला. आणि पोरगी काय शिकली! अंगात चपळाई, डोक्यात शिस्त. दहा दिवसांत माझ्या पाठीवर यायला लागली. पण एक भानगड होती. टाच अडकवली की तिचा पाय मला लागणार, हे तर ठरलेलंच. आणि पाय लागला, की तिचा हात आपसूक सुटायचा, माझ्या मांडीला लागायचा आणि तिच्या डोळ्यांना जायचा. आपल्याकडे पोर चालायला लागलं की शिकवतात ना: कुणाला पाय लागला तर हात लाव आणि नमस्कार कर. तोच नमस्कार. तेवढ्यात मी निसटलेली असे.

“कैय विडादे!” मास्टर ओरडायचे. हात सोडू नकोस.

“मास्टर, अक्कास पाय लागला की,” अंबू रडवेली होऊन म्हणायची.

मास्टर डोक्याला हात लावायचे. ते तमिळ असले तरी हा नमस्कार त्यांच्याही घरचा. शेवटी त्यांनीच तोडगा सुचवला. खेळाआधी एकदाच वाकायचं आणि दिवसभराचे सगळे पाय त्यात धरायचे. झालं. रोज अंबू माझ्यापुढे वाकायची आणि म्हणायची, “अक्का, आजचे सगळे.” आम्ही हसून हसून लोळायचो. पण ऐन वेळी हात सुटायचा तो सुटायचाच. बोटांना कोण समजावणार?

त्या महिन्याची आठवण काढायची तर माझ्या नाकात कोंडा येतो, कानात गोदामाच्या पत्र्याची धडधड येते आणि अंबूचं ते डोळ्यांना हात लावणं दिसतं. मला ते गोड वाटायचं. मुलगी किती चांगल्या वळणाची, म्हणून कौतुक वाटायचं. आज वाटत नाही.

आडी संपायला चार दिवस होते. त्या संध्याकाळी वाऱ्याने वीज गेली होती, पंखे बंद, खिडक्यांतून पिवळा उजेड. अंबू माझ्या पाठीवर आली. टाच लागली. मी सवयीने वाट पाहिली, की आता हात सुटेल. सुटला नाही. कोपर हनुवटीखाली आलं, तिचा दुसरा हात माझ्या डोक्यामागे गेला, तिने छाती भरून श्वास घेतला. बरोबर, अगदी बरोबर. मी थाप मारायला हवी होती. पण पाठीवर कोण? माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान, जिला मी कडेवर घेतलं, ती. तिच्यापुढे मी हरले म्हणू? अजून थोडं, अजून थोडं, असं म्हणत राहिले. आधी खिडक्या कडेकडेने विझल्या. मग गोदामाचा पत्रा धडधडायचा थांबला. फार शांत वाटलं. तेवढं शांत मला त्याआधी कधी वाटलेलं नाही, आणि त्याचीच भीती आजही वाटते.

डोळे उघडले तेव्हा मास्टरांनी माझे पाय वर धरले होते आणि अंबू त्याच पायांना कपाळ लावून हमसाहमशी रडत होती.

“मॅडम, थाप मारायची तुम्ही,” मास्टर म्हणाले. “तिचं काही चुकलं नाही.”

मला लाज वाटली होती. लाज वाटली की मी चिडते, हा माझा जुना दुर्गुण. मी उठून बसले आणि सगळ्यांदेखत अंबूवर ओरडले. “इतकं आवळायचं असतं का ग? मोठं कोण, लहान कोण, काही कळतं का नाही?”

एकदाच, एकदाच त्या पोरीचा हात जागेवर राहिला होता. आणि त्याच वेळी मी तिला शिकवलं की हात सोडायचा असतो. मागाहून माफी मागायचं मनात होतं. उद्या मागू, म्हणत राहिले. उरलेले चार दिवस ती आलीच नाही.

आवणीत पापनाशमचं स्थळ आलं. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, वहीला कशाला विटाळ? बँकेत नोकरी, घरची भातशेती, आपल्यातलेच लोक, बोलणं मऊ. अंबूने कॉफी आणली. तो सरकून जागा करायला गेला आणि त्याचा पाय खाली ठेवलेल्या माझ्या पुस्तकांच्या पिशवीला लागला. लागला म्हणजे शिवलाच नुसता. क्षणात तो वाकला, बोटं पिशवीला लावली आणि डोळ्यांना लावली. कुणाकडे न पाहता, सहज.

काकीने माझ्याकडे पाहिलं. काकांनी पाहिलं. अंबूने पाहिलं आणि ती लाजून हसली. तिला तर आपलंच कुणी भेटल्यासारखं झालं. आमच्या घरात संशयी म्हणून मी प्रसिद्ध. तीन स्थळं माझ्या एका वाकड्या तोंडावर परत गेलेली. गिरिजाला पटलं म्हणजे शंका उरली नाही, असा हिशेब.

“मुलगा चांगला आहे,” मी म्हटलं. सगळ्यांच्या आधी.

पगार विचारला, शेत विचारलं, गोत्र विचारलं, आणि माणूस मात्र पायाच्या नमस्कारावरून ओळखला. हे शहाणपण फक्त आमच्याच घरात होऊ शकतं. तै महिन्यात, म्हणजे आपल्या पौष-माघात, लग्न झालं.

आता या वर्षीची आडी. रीतीप्रमाणे अंबूला महिनाभर माहेरी आणलं. पापनाशम ते तंजावर, जवळचाच प्रवास, पण ती उतरली तेव्हा लांबून आल्यासारखी दिसली. गळ्याशी बंद असलेला कुडता आणि वर ओढणीचे दोन वेढे.

“सर्दी झालीय तीस,” काकी म्हणाली.

आडीत, त्या कोरड्या गरम वाऱ्यात, सर्दी. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी गच्चीवर कपडे काढत होतो. वाऱ्याचा एक सपाटा आला, चादर माझ्या तोंडावर आली, ती बाजूला करते तो अंबूची ओढणी कठड्याला जाऊन अडकलेली आणि ती दोन्ही हातांनी गळा झाकून उभी.

पण मी पाहिलं होतं. सहा वर्षं गळ्यावरचे डाग आरशात वाचत आलेय मी. खेळातल्या जाड सदऱ्याच्या कॉलरने आवळलं तर जबड्याखाली एक लांब रेघ उठते. हाताच्या कोपरात गळा आला तर बहुतेक काहीच उठत नाही. अंबूच्या गळ्यावर एका बाजूला चार गोल डाग होते आणि दुसऱ्या बाजूला एक. पिवळे पडत चाललेले, प्रत्येकात नख रुतलेलं. ते कुठल्याही खेळात उठत नाहीत.

मी ओढणी सोडवून आणली. ती तिने घेतली, पण लगेच गुंडाळली नाही.

“अक्का, तो मागून येत नाही,” ती म्हणाली. “समोरून येतो. डोळ्यांत बघत.”

“किती वेळा?”

“मोजलं नाही.” ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “मग सोडतो. मग खाली बसतो, माझ्या पायांना हात लावतो आणि डोळ्यांना लावतो. पाय लागल्यावर करतात ना, तसा. रोज नव्याने. आणि मला वाटतं, नमस्कार केला की. आता आणखी काय म्हणायचं?”

वारा गच्चीवर गोल गोल फिरत होता. खालून काकीने हाक मारली, कॉफी निवतेय म्हणून. आम्ही दोघी चादरीच्या घड्या घालत राहिलो, टोकाला टोक जुळवत.

“मी एक-दोनदा त्याचं मनगट धरलं होतं,” अंबू म्हणाली. “मास्टर शिकवीत तसं, दोन हातांनी. गळा सुटलाही. पण सुटल्यावर त्यास माझं कोपर लागलं आणि मीच वाकले. तुम्ही म्हणाला होता ना, मोठं कोण, लहान कोण.”

ती मला दोष देत नव्हती. साधी गोष्ट सांगावी तसं सांगत होती. त्याने मला जास्त लागलं. “अंबू, ते माझं चुकलं होतं,” मी म्हटलं. “तू बरोबर केलं होतंस. मीच थाप मारली नाही.” वर्षभर उशिरा मागितलेली माफी किती आखूड असते! एका वाक्यात संपली.

माझ्या मनात आलं होतं, काकांना त्याच दुपारी सांगावं. अंबूने हात जोडले. “आडी संपू दे. हा महिना माझा आहे.” म्हणून गप्प राहिले. पण तो महिना मला सोसला नाही. रोज दारं वाजायची आणि रोज मला वाटायचं, अंबूचा नवरा वेळेआधीच आला. काकी पाठवणीसाठी मुरुक्कु, म्हणजे इकडच्या चकल्या, तळायला लागली, डबे भरायला लागली. फळांची ताटं, नवं लुगडं, जावयासाठी वेष्टी, म्हणजे धोतर. सगळं घर एका पोरीला परत त्या हातांत देण्याच्या तयारीत, आणि तेही इतक्या आनंदाने, की बघवत नव्हतं.

अंबू पुन्हा हॉलवर यायला लागली. या खेपेस ती सुरुवातीला वाकली नाही. ‘आजचे सगळे’ही म्हणाली नाही. मास्टरांनी एकदा तिच्या गळ्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग त्या दिवसापासून तिला फक्त सुटायचं शिकवलं: हनुवटी खाली, दोन हात एका मनगटावर, खांदा जमिनीला लावायचा, पाठ त्याच्यापासून सोडवायची. शेवटच्या दिवशी मात्र ते म्हणाले, “आज पाठ घे.”

मी पुढे बसले. तिची छाती माझ्या पाठीला लागली, श्वास कानाशी आला. टाचा मांड्यांना लागल्या. मी वाट पाहिली. तिचा हात हलला नाही. कोपर जागेवर आलं, आणि मी ताबडतोब थाप मारली, दोनदा, मोठ्याने. ती सोडेना. क्षणभरच असेल. पण त्या क्षणात मी तिला घाबरले, हे खरं आहे. आणि तिला घाबरणारं कुणीतरी आहे, हे तिला माझ्या अंगातून कळलं असावं. मग तिने हात उघडला.

“अक्का, मी जाणार नाही,” ती मागूनच म्हणाली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. “घरास तुम्ही सांगाल, का मी सांगू?”

“मी सांगते,” मी म्हटलं. आवाज फाटका निघाला, गळा दुखत होता. “‘हो’ पहिलं मी म्हटलं होतं. ‘नाही’सुद्धा पहिलं मीच म्हणणार.”

आवणीच्या पहिल्या दिवशी सकाळी तो आला, बरोबर त्याची आई. वारा त्या दिवशी पडला होता. घर इतकं गप्प, की चपला काढल्याचा आवाज ऐकू आला. उंबऱ्यातून आत येताना त्याचा पाय खाली ठेवलेल्या फळांच्या ताटाला लागला. तो लगेच वाकला, बोटं ताटाला, बोटं डोळ्यांना. तेच, तितकंच सुंदर.

काकी कॉफीचा डबरा, म्हणजे पेल्याखालची खोल वाटी, घेऊन उभी होती. तिचे डोळे भरून आले. “बघ ग, गिरिजा,” ती हळूच म्हणाली.

“काकी, अंबू परत जाणार नाही,” मी म्हटलं.

माझा आवाज बसलेला होता, तरी सगळ्यांना ऐकू गेला. काका “गिरिजा!” म्हणून उठले. त्याची आई हसायला लागली, काहीतरी थट्टा चाललीय असं समजून. मी अंबूकडे पाहिलं. तिने ओढणीचा एक वेढा काढला, मग दुसरा, आणि ओढणी घडी करून मांडीवर ठेवली. डाग आता फारच फिके झाले होते, पण नखं रुतल्यामुळे सकाळच्या उजेडात अजून मोजता येत होते. काकीने मोजले. तिचे ओठ हलताना मी पाहिले.

तो चार पावलं चालून अंबूसमोर आला आणि सगळ्यांदेखत गुडघ्यांवर बसला. त्याचा हात पुढे आला, बोटं जुळवलेली, नमस्कारासाठी.

अंबूने दोन्ही पाय मागे घेतले.